रेघेपुढचा आकडा

३ एप्रिल

दोनशे छप्पन्न.

वरच्या कंपनीचं पत्र सकाळी आलं. कल्याणप्पांनी ते आधी देवापुढं ठेवलं, त्याला विभूती लावली आणि मग माझ्या हातात दिलं.

'वाच अव्वा. काय काय दिलंय?' कानडी घरातले ते, मला लाडानं अव्वा म्हणतात.

मी सांगितलं : इंटरनेटचे दोनशे छप्पन्न पत्ते. खरे. जगात दुसऱ्या कुणाकडं नसतील असे.

'चार आकडे, एक तिरकी रेघ आन पुढं चोवीस. एवढंच? मला वाटलं पोतंभर यील.'

कल्याणप्पा मुरूमचे जुने केबलवाले. तीस वर्षं त्यांनी घराघरांत टीव्ही पोचवला. आता ती तार कुणाला नको आहे. त्याच खांबांवरून ते इंटरनेट नेणार : मुरूम, चिंचोळी, येळनूर आणि, मी हट्ट धरला म्हणून, आमची धनगरवस्ती. वस्ती खोलगट माळात आहे. मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढायची. फक्त वस्तीसाठी साडेतीन किलोमीटर तार जाणार.

अप्पांची अट साधी आहे. जूनअखेर वस्तीचं सगळं बिनतक्रार चाललं तर तार राहील आणि मीही कायम. नाही तर तार गुंडाळून दुसऱ्या गावाला आणि मी परत पुण्याला.

पुण्यात तीन वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेल्या जाळ्यांची राखण केली. आज कोरा कागद माझा आहे.

४ एप्रिल

मल्लेश अण्णांना समजावण्यात सकाळ गेली. ते अप्पांचे तारवाले. वीस वर्षं खांबांवर. मला मॅडम म्हणतात आणि मी काहीही बोलले तरी हसतात.

प्रत्येक गावाला वेगळा तुकडा द्यायचा. म्हणजे एकाचा गोंगाट दुसऱ्यात जात नाही, आणि बिघडलं तर कुठं ते कळतं. तुकडा केवढा, ते रेघेपुढचा आकडा ठरवतो. मी फळ्यावर लिहिलं. चोवीस असला तर दोनशे छप्पन्न पत्ते. पंचवीस, निम्मे, एकशे अठ्ठावीस. सव्वीस, चौसष्ट. सत्तावीस, बत्तीस. अठ्ठावीस, सोळा.

'म्हंजे आकडा वाढला की जागा बारीक?'

'हो.'

'उलटंच की हो मॅडम.'

अप्पा गादीवरून म्हणाले, 'मल्लेशा, तारेचा गेज कसा असतो? अठराची तार जाड का बावीसची?'

'अठराची.'

'मग?'

मल्लेश अण्णांनी कपाळावर हात मारला. 'आधीच तार म्हणायचं की! उगं गणित काढलं.'

पुस्तकात या गोष्टीला चार पानं आहेत.

नंतर थोडा वाद. एका खऱ्या पत्त्यामागं शंभर घरं लपवता येतात. बहुतेक ठिकाणी तेच करतात. अप्पांना नको. 'तीस वर्षं सगळ्यांना एकच चित्र दाखवलं. आता ज्याच्या त्याच्या घराला ज्याचा त्याचा पत्ता. कागद छापून वाटलेत मी.' मी वरवर विरोध केला. मनातून मला हेच हवं होतं.

७ एप्रिल

गणती.

अप्पांनी मुरूमचं रजिस्टर काढलं. कोपरे झिजलेले, पानं पिवळी, नावं तीन रंगांच्या शाईत. त्यात न बघताच म्हणाले, 'एकशे दहा.' पक्की माहिती असलेला माणूसच असं बोलू शकतो. नागम्मा काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि कपबशी जरा आपटून ठेवली. उकाडा फार आहे. सगळेच चिडचिडे झालेत.

चिंचोळी मी स्वतः फिरले : पन्नास. येळनूर : सव्वीस.

वस्तीसाठी मायला फोन केला. ती टेकडीवर सरपणाला येते तेव्हा लागतो.

'माय, किती घरं जोडायची?'

'इचारून सांगते.'

संध्याकाळी तिचाच फोन. 'बारा लिही.'

'एवढीच?'

'हायत ती बाराच की.'

बऱ्याच घरांना कुलपं आहेत. ती माणसं दिवाळीनंतर मेंढरांमागं गेलीत. फिरत्या माणसाला भिंतीतली तार कशाला लागेल? बारा. स्वच्छ आकडा.

८ एप्रिल

झालं. एका बैठकीत झालं.

मुरूमला पंचवीसचा तुकडा. चिंचोळीला सव्वीसचा. येळनूरला सत्तावीसचा. वस्तीला अठ्ठावीसचा. उरलेले सोळा आमच्या यंत्रांना आणि गावांमधल्या जोडण्यांना. एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा आणि पुन्हा सोळा. बेरीज दोनशे छप्पन्न. एकही पत्ता उरला नाही.

वस्तीचे सोळा सगळे वापरता येत नाहीत. पहिला आणि शेवटचा सोडावा लागतो, एक वस्तीच्या मुख्य यंत्राला. उरतात तेरा. घरं बारा. एक शिल्लक.

मी कागद भिंतीला चिकटवला आणि लांब जाऊन पाहिला. मग जवळ येऊन पाहिला. एक आकडा हलवला तर सगळं हलेल. चांगलं काम असंच असतं.

मल्लेश अण्णा म्हणाले, 'मॅडम, आज जेवलाच न्हाईत.' खरंच जेवले नव्हते.

१५ एप्रिल

आबांचा, माझ्या वडलांचा फोन. कळपाबरोबर भीमेच्या काठी आहेत, अफजलपूरच्या अलीकडं.

'मेंढरं किती झाली?' मी मुद्दाम विचारते.

'हायत की. वाडाभर.'

आबा कधी आकडा सांगत नाहीत. जितराब आणि वाटेवरचं माणूस तोंडानं मोजत नाहीत आमच्यात. लहानपणी मी कोकरं मोजायची आणि बानू आत्याचा धपाटा खायची. कदाचित म्हणूनच मी आकड्यांच्या नादी लागले.

माझं काम काय ते त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

'म्हंजे वाघर लावायचं काम.'

वाघर म्हणजे रोज संध्याकाळी मेंढरांभोवती लावायचं जाळं. ज्या शेतात मेंढरं बसवायची तिथं आबा नुसत्या नजरेनं ठरवतात, केवढा वाडा करायचा ते.

'लई सैल लावली तर मेंढरं पांगत्यात. खत इरळ पडतं, शेतवाला बोलतो. लई आवळली तर कोकरं चेंगरत्यात.'

'आबा, अगदी हेच!' मी दुकानात ओरडलेच. मल्लेश अण्णा शिडीवरून बघायला लागले.

'आन एक घडी उलगडू नको. कोपऱ्याला तशीच ठिव.'

'कशाला?'

'मागनं येतंय की कोणतरी.'

मी अभिमानानं सांगितलं, माझ्याकडं एकही घडी उरलेली नाही. सगळी जागा वाटली.

'सगळी उलगडलीस?'

'सगळी.'

'हुशार हायस,' आबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले. तिकडं रेंज कमी असेल.

त्यांना रान मोकळं आहे. माझ्याकडं दोनशे छप्पन्नच. वाया घालवून कसं चालेल?

२ मे

आजचा दिवस कुणाला सांगू असं झालंय.

चिंचोळीच्या शाळेत डबी बसवली. घरात बसवायच्या यंत्राला इथं सगळे डबीच म्हणतात. मुख्याध्यापकांनी दिल्ली बघितली, जपान बघितलं, पाणबुडीच्या आतला भाग बघितला. मग म्हणाले, 'आता आपलं मुरूम दाखवा.' अप्पांच्या दुकानात कॅमेरा लावलाय, तो बघायचा होता. दिसेना. जपान दिसतंय, सात मैलांवरचं मुरूम दिसत नाही.

'जपानची तार चांगली आसंल,' मल्लेश अण्णा.

शाळेतले सगळे माझ्याकडं बघत होते. मला हसू आलं. कारण एकदम कळलं.

'मल्लेश अण्णा, रेघेपुढं किती टाकलंत?'

'चोवीस.'

'सव्वीस सांगितलं होतं.'

'चोवीसच टाकतेत मॅडम सगळीकडं.'

चोवीस टाकलं म्हणून डबीला वाटलं, सगळे दोनशे छप्पन्न पत्ते याच गावात आहेत. जपानचा पत्ता अगदीच वेगळा, म्हणून त्याची चौकशी तिनं गावच्या यंत्राकडं दिली आणि यंत्रानं ती पुढं पोचवली. मुरूमचा पत्ता मात्र तिला घरातलाच वाटला. ती गावातच हाका मारत बसली. मुरूम इथं नव्हतंच, ओ कोण देणार?

चाराच्या जागी सहा केला. पडद्यावर अप्पा गादीवर बसून कान कोरताना दिसले. शाळाभर टाळ्या.

दुसऱ्या पत्त्याला साद घालून उत्तर येतं का ते बघायची आमची एक सोय असते. आजपासून तिचं नाव हाक. उत्तर आलं तर ओ. संध्याकाळी अप्पांना ती शिकवली. त्यांनी चिंचोळीच्या शाळेला अकरा वेळा हाक मारली. अकरा वेळा ओ आली. नागम्मा काकू म्हणाल्या, 'जेवायला मी एवढ्या हाका मारते, तवा न्हाय देत ओ.'

११ मे

तार वस्तीवर पोचली. शेवटचा खांब मायच्या दारासमोर.

बानू आत्याचा फोन आला, मी तिथं टेकडीवर असतानाच. आत्या आबांची थोरली बहीण. दर साली कळपाबरोबर जाते. वाटेवर सगळ्यांची चूल तीच सांभाळते. मी दीड वर्षाची असताना तिनं मला घोड्यावर पातेल्यांच्या मधे बांधून नेलं होतं.

'आलं म्हणं इंटरनेट.'

'आलं आत्या.'

'माझ्या घराला गं?'

'आत्या, तुझ्या घराला कुलूप असतं.'

मी हसले. तीही हसली, जरा उशिरा. मग म्हणाली, आम्ही जिथं जिथं वाडा लावला ती रानं त्याच्यात दिसतात का. म्हटलं, सगळं जग दिसतं.

'जग न्हाय. ती रानं.'

दिसतात म्हटलं. आली की मायच्या घरी दाखवीन.

२४ मे

मुरूममध्ये एकशे अठ्ठावीस जागा ठेवल्यात आणि जोडलेली घरं अठ्ठेचाळीस. तीन आठवडे आकडा तिथंच आहे. अप्पांना विचारलं. 'येतील, येतील. बाजाराची माणसं, सवडीनं येतील.' रजिस्टरावर हात ठेवून म्हणाले. बाकी सगळं उत्तम.

६ जून

वस्तीची बारा घरं सुरू. एका दिवसात!

मायनं डबीला हळदकुंकू लावलं. तिनं उघडून पाहिलेली पहिली गोष्ट : सोलापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा. गेल्या वर्षी गुडघा यांनीच तपासला होता. 'ह्या बाईला म्या एस्टीचे दोन धक्के खाऊन भेटत हुते,' माय म्हणाली, 'आन ही भिंतीत हुती.'

अप्पांनी मुरूमहून बाराही घरांना हाक मारली. बारा ओ. मला त्याच तारेवरून फोन लावून म्हणाले, 'अव्वा, तू राहतेस इथं.'

टेकडीवर एकटीच जाऊन मोठ्यानं ओरडले. कुणी नव्हतं.

९ जून

कळप परतले. दुपारी चारला धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या. वस्ती बदलून गेली. कुलपं निघाली. दारं उघडली. ओसरीवर खाटा आल्या. आबा वाळलेत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आधी मेंढरांकडं गेले.

सिदू मामाचं घर वाटेवर पहिलं. तो आल्या आल्या म्हणाला, 'आमची डबी?' तेरावा पत्ता होताच. आनंदानं दिला.

मग बानू आत्या. पायांवर अजून धूळ. हातात मोबाइल.

'माझा पत्ता दे.'

'आत्या, शेवटचा सिदू मामाला गेला.'

'कितवा हुता?'

'तेरावा.'

'मग चौदावा दे.'

'चौदावा नाही आत्या.'

'कसा न्हाय? तेराच्या म्होरं काय असतंय तुमच्यात?'

मी तिला अठ्ठावीस आणि सोळा समजावायला लागले. ती ऐकत होती. तिच्यामागं अजून माणसं येऊन उभी राहिली. माझं बोलणं मलाच ऐकू यायला लागलं, तेव्हा मी थांबले.

१० जून

अप्पा म्हणाले, 'तू बारा सांगितलीस, बारा दिली. बाकीच्यांचं दिवाळीनंतर बघू.'

दिवाळीनंतर ती माणसं पुन्हा वाटेवर असतील.

मल्लेश अण्णांनी उपाय सांगितला. उशिरा आलेल्या सगळ्यांना एका पत्त्यामागं लपवायचं. तासाभराचं काम. चालेलही. पण मुरूमच्या कापडदुकानाला स्वतःचा पत्ता आणि वाटेवर सगळ्यांची चूल सांभाळणाऱ्या आत्याला दुसऱ्याच्या आडोशाला जागा? छापलेल्या कागदावर 'ज्याच्या त्याच्या घराला' असं आहे. त्याखाली 'घरी असल्यास' असं लिहिलेलं नाही.

मी नाही म्हटलं. दुसरा उपाय मात्र माझ्याकडं नाही. भिंतीवरचा कागद तसाच सुंदर आहे. कुठंही बोट घालायला फट नाही.

११ जून

सकाळी दहाला माय दुकानात आली. पहिल्या एस्टीनं. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. फडकं काढलं. तेरा डब्या. बाराही घरांच्या आणि सिदू मामाची. वायरी नीट गुंडाळलेल्या.

'हे काय?'

'सगळ्यांस्नी न्हाय तर कुणालाच नगं, असं ठरलं.'

'माय, तूच बारा सांगितलीस!'

'हुती ती बाराच हुती की घरात.'

'आणि बाकीचे?'

'वाटंवरची माणसं घरात बसून कशी मोजू? परत आल्याबिगर?' मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, 'तुला काय ठावं न्हवतं व्हय?'

ठाऊक होतं. मीच पंधरा एप्रिलला इथं लिहिलंय. आता मागं जाऊन वाचलं. शब्द न् शब्द माझ्या अक्षरात आहे. पुण्याहून आलेल्या कुणाला हे कळलं नसतं तर चाललं असतं. मी घोड्यावर पातेल्यांमधून गेलेली मुलगी.

अप्पांनी पाटी पाहिली. 'शनिवारी मल्लेश तार गुंडाळील,' म्हणाले. रागानं नाही. दमून.

शनिवार म्हणजे तिसरा दिवस. माय बाकावर बसली होती. मी भिंतीवरचा कागद काढला आणि पहिल्यांदा त्यात माझं कौतुक सोडून काहीतरी शोधलं. वस्ती शेवटी आहे. मधे येळनूर, चिंचोळी, भरलेली. सगळ्यात वर मुरूम. एकशे अठ्ठावीस. त्यातले अठ्ठेचाळीस. मी पत्ते पहिल्या आकड्यापासून ओळीनं दिलेत. पन्नासच्या पुढं सगळं ओसाड. पंचवीसचं सव्वीस केलं की मुरूमला चौसष्ट उरतात, पुरून उरतात, आणि चौसष्ट मोकळे होतात.

मी कागद अप्पांपुढं गादीवर पसरला.

'अप्पा, मुरूमचे निम्मे द्या.'

'न्हाय. एकशे दहा घरं हायत.'

'अठ्ठेचाळीस आहेत.'

'येतील.'

'अप्पा, कधी?'

'तू मला खोटं ठरवतीस काय?' ते उभे राहिले. मी त्यांना उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं. 'तीस वर्षं ह्या बाजारात...'

'साकु,' नागम्मा काकू आतून म्हणाल्या. बाहेर आल्या. 'साकु, बिडू आता.' म्हणजे, पुरे, सोडा. मग त्यांनी रजिस्टर उचलून माझ्यापुढं उघडलं. 'वाच पोरी. एकशे दहा हायत. केबलची. तारीख बघ.'

तारीख पंधरा वर्षांपूर्वीची होती. तीन रंगांची शाई. लाल शाईत केबल सोडून गेलेल्यांची नावं. लाल फार होतं.

मायला हिशेब कळला नाही, पण माणूस कळला. ती उठली आणि अप्पांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

'आमच्यात कमी सांगत्यात,' ती म्हणाली, 'दिष्ट लागती म्हणून. तुमच्यात जादा सांगत्यात. ह्या पोरीनं दोन्ही खरं धरलं.'

अप्पा पाणी प्यायले. मिशी पुसली. बसले.

'बिरूची बायको का तुम्ही?'

'व्हय. अयोध्या.'

'पोरगी हट्टी आहे.'

'बापावर गेली.'

अप्पांनी रजिस्टर मिटलं. 'घे,' मला म्हणाले, 'अर्धा बाजार घे. मल्लेशा, शनिवारचं ऱ्हाऊ दे. त्या डब्या परत पोचव.'

१२ जून

धावले. दिवसभर धावले.

मुख्य यंत्रात दोन ओळी. त्यानंतर मुरूमच्या प्रत्येक घरी जाऊन पाचाच्या जागी सहा. पत्ता तोच, फक्त रेघेपुढचा एक आकडा. जो राहील त्याला जग दिसेल आणि वस्तीची नवी घरं दिसणार नाहीत. मल्लेश अण्णांनी चोवीस घरं घेतली.

'शेवटी चोवीसच आलं का न्हाय?' सायकल वळवताना ओरडले.

कापडवाला म्हणाला, 'माझं काय कमी केलं?' म्हटलं, काही नाही, शेजार वाढला. डाळमिलवाल्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. दोन वाजता सगळं संपलं. तीनला वस्तीवर.

आत्याच्या घरी पहिली डबी. शेवटचा आकडा सहासष्ट. मी भिंतीवर खडूनं लिहिला. आत्यानं तो नीट पाहिला. तिला अक्षर येत नाही, आकडे येतात.

'हा माझा?'

'तुझाच.'

'आन आमी गेल्यावर?'

'कुलूप लावून जा. तुझाच राहील.'

मग तिनं रानं मागितली. नकाशा उघडला, वरून दिसणारा. अफजलपूरपासून ती मागं यायला लागली. हळूहळू, बोटानं. ही नदी. ह्या मळ्यात चार दिवस. इथं घोडी व्याली. ह्या शेतवाल्याची सून चांगली, ताक द्यायची. ह्या वळणावर पावसानं गाठलं. ओसरीवर माणसं गोळा झाली. आबा मागं उभे राहून चुका काढत होते. 'आगं तिथं न्हाय, वढ्याच्या पलीकडं.' 'तू गप. चूल कुणी मांडली?' दिसत तर काहीच नव्हतं. हिरवे-तपकिरी चौकोन. त्यांना सगळं दिसत होतं.

बोट वस्तीवर आलं तेव्हा तिला आपलंच छप्पर दिसलं. तिनं बोट तिथंच ठेवलं.

१३ जून

सकाळी अप्पांचा फोन. 'अव्वा, बानूबाई ओ देईना.'

वस्तीवरून बघितलं, आत्याची डबी सुरू. चिंचोळीहून ओ येते, येळनूरहून येते. फक्त अप्पांच्या दुकानातून नाही.

'अप्पा, तुम्हाला बाकी काय काय दिसतं?'

'सगळं दिसतं. तुझ्या मायच्या घरानं ओ दिली. जपान दिसतं. बानूबाईच तेवढी न्हाय.'

मी फोनवरच हसायला लागले. दुकान मल्लेश अण्णा करतील असं मला वाटलं होतं. मी करीन असं त्यांना. मालकाच्या रेघेपुढं अजून पंचवीसच होतं. त्यांच्या यंत्राला अजून वाटत होतं, आत्या बाजारातच कुठंतरी आहे.

मुरूमला गेले. म्हटलं, अप्पा, तुम्हीच बदला. त्यांनी चष्मा लावला. एक बोट. पाच पुसला. जरा थांबले. सहा टाकला.

हाक मारली.

ओ.

त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा ओ. मग ते गादीवर मागं रेलले आणि भिंतीवरचा नवा कागद वाचायला लागले. मुरूम सव्वीस. वस्तीचा नवा तुकडा सत्तावीस. खाली बत्तीस पत्त्यांचा एक चौकोन, रिकामा.

'हे कुणाचं?'

'कुणाचंच नाही. घडी आहे ती.'

'कसली घडी?'

'कोपऱ्याला ठेवायची.'

त्यांनी कळल्यासारखी मान हलवली. मग नवीन रजिस्टर ओढलं. कोरं, कापडी पुठ्ठ्याचं. पहिल्या पानावर मुरूम, अठ्ठेचाळीस, असं स्वतःच्या हातानं लिहिलं. काकू दारात उभ्या होत्या. पान उलटून अप्पांनी पेन उचललं.

'आन वस्तीवर किती झाली घरं?'

'हायत की अप्पा,' मी म्हणाले. 'वाडाभर.'